टेकडी चढताना कान उघडे ठेवा!

मुलांनो, होळी पेटली, शिमग्याच्या बोंबा मारून झाल्या, की रानात वेगळीच आरडाओरड सुरू होते. पहाटे साडेपाचलाच कोकीळ सुरू होतो. तो काही गजराचं घड्याळ नाही, की डोक्यावर टपली मारून गप्प करावं आणि पुन्हा पांघरुणात शिरावं! वार्षिक परीक्षा जवळ आलेली असते, आईनं हलवून हलवून उठवलेलं असतं, पुस्तकातली अक्षरं डोळ्यांपुढे नाचत असतात आणि बाहेर हा पठ्ठ्या गळा काढून गातोय. मग एक करा. एका रविवारी पुस्तक मिटा (आईला विचारून, बरं का!), बुटांच्या नाड्या घट्ट बांधा आणि गावाजवळची टेकडी नाहीतर जवळचा किल्ला गाठा. कशाला म्हणून काय विचारता? पक्षी पाहायला!

तुमच्यातला एखादा हुशार लगेच म्हणेल, "बाई, पक्षी तर हिवाळ्यात बघायचे असतात." खरं आहे. थंडीत भिगवणला, उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी बघायला माणसांची रीघ लागते. पण ते झाले पाहुणे. आपल्या डोंगरातल्या, आपल्या रानातल्या पक्ष्यांना भेटायचं तर फाल्गुन-चैत्र-वैशाखासारखे दिवस नाहीत. एक तर झाडांची पानं गळालेली असतात. पावसाळ्यात जो पक्षी पानांत बसून नुसताच ओरडतो आणि आपण मान मोडेपर्यंत वर बघत बसतो, तोच आता उघड्या फांदीवर सापडतो. दुसरं म्हणजे पाणी आटलेलं असतं, त्यामुळे उरलेल्या डबक्यावर सगळ्यांना यावंच लागतं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, हे दिवस घरटी बांधायचे. नर पक्षी नवे कपडे घालून मिरवत असतात आणि गात असतात. लग्नसराईच म्हणा ना!

पळसाखाली अर्धा तास

माझं ऐकाल तर पहिल्या दिवशी लांब जाऊच नका. फुललेला पळस शोधा, नाहीतर पांगारा, नाहीतर काटेसावर. तिन्ही झाडांची तऱ्हा सारखी. पानं झडली की अंगभर लाल-केशरी फुलं. पळसाचं फूल हातात घेऊन नीट बघा, पोपटाच्या चोचीसारखं वाकडं दिसेल. वास घ्या. येतो का? नाही ना? या झाडांना वासाची फारशी गरजच नाही. त्यांची मुख्य गिऱ्हाइकं म्हणजे पक्षी, आणि पक्ष्यांना वासापेक्षा रंग पटकन कळतो. फूल मध देतं, पक्षी मध पितो आणि जाताना कपाळावर परागकणांचा टिळा लावून दुसऱ्या फुलाकडे जातो. फुकट काही नाही. रोखीचा व्यवहार!

झाडापासून पंधरा-वीस पावलांवर सावलीत बसा आणि हलू नका. पहिली पाच मिनिटं काहीच दिसणार नाही, कारण तुम्ही आलात तेव्हाच सगळे उडाले. मग हळूहळू एकेक जण परत येईल. आधी साळुंकी आणि बुलबुल. डोक्यावर टोकदार शेंडी आणि गालावर लाल टिकली असेल तर तो शिपाई बुलबुल, डोकं काळं आणि शेपटीखाली लाल असेल तर लालबुड्या. मग काळा कुळकुळीत, दुभंगलेल्या शेपटीचा कोतवाल येईल. तो मधही पितो आणि मधावर आलेले किडेही गट्ट करतो. आल्या आल्या दुसऱ्यांवर खेकसायला मात्र विसरत नाही.

आणि मग एक एवढासा जीव येईल, आपल्या अंगठ्यापेक्षा थोडा मोठा. हा शिंजीर. कोणी याला सूर्यपक्षी म्हणतं, कोणी फुलचुख्या. थंडीत तुम्ही नर शिंजीर पाहिला असेल तर आता तो ओळखूच येणार नाही. तेव्हा तो पोटाशी मळकट पिवळा असतो आणि गळ्यापासून पोटापर्यंत एकच काळी रेघ, शाईची दौत सांडल्यासारखी. आता बघा! उन्हात बसला तर निळा, जांभळा, हिरवट, मान वळवली की रंग बदलतो. सावलीत गेला की नुसता काळा. मादी बिचारी बारा महिने साधीच, पण घर बांधते ती. कोळ्याच्या जाळ्यानं गवत, साल आणि कचरा गुंफून एक थैली लोंबती ठेवते. लांबून वाटतं, वाऱ्यानं कचरा अडकलाय. तसं वाटावं म्हणूनच तर ती बांधते तशी.

नशीब जोरावर असेल तर पळसावर अचानक वीस-पंचवीस, कधी शे-दोनशे पक्ष्यांचा थवा कोसळेल. अंग गुलाबी, डोकं, पंख आणि शेपटी काळी. कलकलाट असा, की मधल्या सुट्टीतला आमचा वर्ग परवडला! या भोरड्या. यांना पळसमैना असंही गोड नाव आहे, पण ज्वारीच्या शेतकऱ्याला विचाराल तर तो गोड काही बोलणार नाही. या भोरड्या आपल्याकडच्या नव्हेत. त्या मध्य आशियातून आलेल्या असतात आणि आता परतीच्या वाटेला लागलेल्या असतात. तिकडे जाऊन त्या घरटी करतात आणि पिलांना टोळ, नाकतोडे खाऊ घालतात. म्हणजे जी भोरडी इथे ज्वारी खाते, तीच तिकडच्या शेतकऱ्यांची पिकं वाचवते. तिकडे जायला हजारो किलोमीटर उडायचं आणि शिदोरी भरायची आपल्या पळस-पांगाऱ्यावर. बांधावरचा एक पांगारा तोडला की कोणाकोणाच्या शिदोरीत हात घातला जातो, बघा.

गातं कोण?

आता एक कोडं. "कोकिळा गाते" हे वाक्य बरोबर की चूक?

चूक! गातो तो कोकीळ, म्हणजे नर. तो काळा, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, आणि तिचा आवाज म्हणजे नुसतं "किक्-किक्-किक्". कवींनी आणि सिनेमावाल्यांनी कोकिळेला उगाच गायिका करून टाकलंय. आमच्या चौथीच्या वर्गात हे सांगितलं तेव्हा मुली चिडल्या होत्या. त्यांच्यासाठी सांगते, मादी गात नसली तरी बुद्धी तिची दांडगी. नर मुद्दाम कावळ्याच्या घरट्याजवळ जाऊन बोंबलतो, कावळे त्याच्या मागे धावतात आणि तेवढ्यात मादी घरट्यात अंडं घालून पसार होते. पिलांचं खाणंपिणं, दुखणंखुपणं, सगळं कावळ्यांच्या गळ्यात.

दुसरा आवाज भर दुपारी ऐकायचा. ऊन मी म्हणतंय, कुत्रीसुद्धा ओट्याखाली निजलीत, आणि कुठूनतरी "टुक्... टुक्... टुक्..." एका लयीत, थांबतच नाही. पुण्यात कसबा पेठेत तांबट आळी आहे. तिथे तांब्याच्या भांड्यांवर हातोडीचे ठोके पडतात, ते ज्यांनी ऐकलेत त्यांना सांगायला नको, या पक्ष्याचं नाव तांबट का. हिरवा, चिमणीहून जरा जाडा, कपाळावर आणि छातीवर लाल, डोळ्याभोवती पिवळा. तो चोच न उघडताच ओरडतो! गळ्याचा फुगा होतो आणि ठोका पडतो. ओरडताना मान इकडून तिकडे वळवतो, म्हणून आवाज एकदा डावीकडून येतो, एकदा उजवीकडून. तुम्ही शोधत राहता आणि तो समोरच्याच उंबरावर शेंड्याला बसलेला असतो. वाळक्या फांदीच्या खालच्या अंगाला रुपयाएवढं गोल भोक दिसलं तर समजा, तांबटाचं घर. माणसं वाळकी फांदी "कामाची नाही" म्हणून तोडतात. तांबटाला विचारा कामाची आहे का ते!

त्याच उंबरावर किंवा वडावर फळं पिकली असतील तर पानापानांत नीट बघा. पानासारखेच हिरवट-पिवळे, कबुतराएवढे पक्षी दिसतील, पाय मात्र हळदीसारखे पिवळे. हा हरियाल, आपल्या महाराष्ट्राचा राज्यपक्षी. आधी एकही दिसत नाही आणि टाळी वाजवली तर झाडातून तीस उडतात. (टाळी वाजवू नका हं, मी उदाहरण दिलं.) हरियाल कधी जमिनीला पाय लावत नाही, असं खेड्यातली म्हातारी माणसं सांगतात. तो फळं खाऊन झाडावरच राहतो, खाली क्वचितच उतरतो, त्यावरून ती गोष्ट निघाली असावी.

डोंगराच्या वाटेवर

पळसाखाली बसून डोळा आणि कान थोडे तयार झाले की मग डोंगर. पुण्याच्या मुलांना सिंहगड ठाऊक असेलच. तानाजी मालुसऱ्यांचा, १६७० सालच्या लढाईचा. बहुतेक जण अतकरवाडीपासून तरातरा वर चढतात, पिठलं-भाकरी खातात, मडक्यातलं दही ओरपतात आणि खाली येतात. चढताना गाणी, गप्पा, मोबाइलवर मोठ्यानं लावलेली गाणी. यांना पक्षी कसा दिसावा? पक्षी पाहणाऱ्यांची सिंहगडाला जायची तऱ्हाच वेगळी. ते वर जातच नाहीत! पायथ्याच्या खोऱ्यात, ओढ्याच्या काठच्या झाडीत बसून राहतात. किल्ला १३०० मीटरच्या वर उंच आहे, पण खरी गंमत खालच्या त्या ओढ्यात.

मार्च सरताना ओढा आटतो आणि खडकांच्या बेचक्यांत दोन-चार डबकी उरतात. उन्हं चढायला लागली की तिथे आंघोळीला रांग लागते. नाचण येतो, शेपटीचा पंखा उघडझाप करत, एका जागी एक क्षण स्थिर राहील तर शपथ. निळा माशीमार येतो, पाठ निळी आणि छाती नारिंगी. आणि मग, पांढरी फीत हवेतून वाहत आल्यासारखा स्वर्गीय नर्तक. डोकं काळंभोर, अंग शुभ्र आणि शेपटीला हातभर लांब दोन पिसं. तो पाण्यात उतरत नाही. फांदीवरून सूर मारतो, पाण्याला अंग लावतो आणि पुन्हा फांदीवर. मादी आणि तरुण नर तांबूस असतात. तेवढ्यावरून दोन वेगळे पक्षी समजू नका. या देखण्या नराबद्दल मला आवडणारी गोष्ट शेपटीची नाही. तो अंडी उबवायला स्वतः बसतो, ती लांब शेपटी घरट्याबाहेर लोंबत ठेवून.

झाडीत अंधार असेल, पाण्याची जागा जवळ असेल, तर पहाटे एक शीळ ऐकू येईल. एखादा शाळकरी पोरगा खिशात हात घालून, चाल अर्धवट आठवत, सूर चुकवत शीळ घालत चाललाय, अगदी तशी. इंग्रजांनी तर याचं नावच "शीळ घालणारा शाळकरी पोरगा" ठेवलं होतं. हा शीळकरी कस्तूर. रंग काळपट निळा, कपाळावर आणि खांद्यावर चकाकता निळा डाग. तो सह्याद्रीत बारा महिने असतो, पण त्याचं गाणं एप्रिल-मेपासून रंगायला लागतं आणि पाऊस पडला की धबधब्याच्या आवाजावर मात करतं. मात्र सूर्य वर आला की गप्प. म्हणजे आठ वाजता पोहोचणाऱ्याला तो मिळत नाही. पहाटे उठणाऱ्यालाच मिळतो. परीक्षेचा अभ्यास आणि शीळकरी कस्तूर यांची वेळ सारखीच, काय करणार!

वर उघड्या कड्यावर आलात तर आकाशात बघा. पंख न हलवता गिरक्या घेणारा मोठा पक्षी, पंखांच्या खाली कडेला रुंद पांढरा पट्टा, आणि लांबवर जाणारी चिरकी शीळ. हा सर्पगरुड. नावाप्रमाणे साप खातो.

कड्यावरून आठवलं. किल्ल्यांच्या कड्यांना या दिवसांत आग्यामोहोळं लटकलेली असतात. तिथे अत्तर लावून, सेंट मारून जायचं नाही, शेकोटी नाही, आरोळ्या नाहीत आणि मोहोळावर दगड तर नाहीच नाही. दरवर्षी कुणी ना कुणी असला वेडेपणा करतं आणि सगळ्या गटाला दवाखाना दाखवतं. पाण्याची बाटली प्रत्येकाची वेगळी, डोक्याला टोपी, कपडे मातीच्या नाहीतर झाडाच्या रंगाचे. एकट्यानं जायचं नाही, घरातलं मोठं माणूस बरोबर हवं. दहाच्या आत परत फिरायचं, वैशाखातलं ऊन कुणाचं मित्र नाही. झालं, सूचना संपल्या.

रातव्याची अंडी

आता जरा वेगळं सांगते.

आमची शाळा डोंगराच्या कुशीतली. शाळेमागे टेकडी आहे, गवताची, मधे मधे करवंदाच्या जाळ्या. चौथीत एक मुलगा होता. अभ्यासात यथातथाच, पण शाळा सुटली की शेरडं घेऊन टेकडीवर. खिशात कायम बेचकी. मी वर्गात पक्ष्यांची चित्रं दाखवायची आणि नावं विचारायची, तेव्हा हा मागच्या बाकावरून सगळ्यांच्या आधी सांगायचा. पुस्तकातली नव्हे, त्याच्या आजीनं सांगितलेली नावं. एकदा मी चित्रातला रातवा दाखवला. हा म्हणाला, "बाई, हा आपल्या टेकडीवर हाये. तिसऱ्या जाळीपाशी बसतो. दिवसा पाय पडंल तवाच उडतो."

रातवा तुम्ही पाहिला नसेल, ऐकला नक्की असेल. संध्याकाळी अंधार पडताना फरशीवर गोटी सोडावी आणि तिनं टप्पे घेत घेत थांबावं, तसा आवाज येतो. "टक्... टक्... टक्-टक्-टकर्रर". दिवसा तो जमिनीवर वाळक्या पानांत पसरून बसतो आणि स्वतःच वाळकं पान होतो. घरटं बांधायची भानगड नाही. मादी उघड्या जमिनीवरच अंडी घालते, बहुधा दोन. त्या मुलानं आम्हाला लांबून जागा दाखवली. जवळ कुणी गेलं नाही. आम्ही चौदा जण उभे होतो आणि चौदा जणांपैकी फक्त त्यालाच पक्षी दिसत होता. मग त्यानं एका मुलीचं डोकं दोन्ही हातांनी धरून वळवलं, "ती बघ, डोळा मिटून बसलीय," आणि मग एकेकीला, एकेकाला दिसली.

त्या दिवशी मी त्यांना डॉ. सालिम अली यांची गोष्ट सांगितली. त्यांचा जन्म १८९६चा. दहा-बारा वर्षांचे असताना त्यांनी एअरगननं एक चिमणी मारली. उचलून पाहतात तर तिच्या गळ्यावर पिवळा डाग. नेहमीच्या चिमणीला नसतो! त्यांच्या मामांनी त्यांना मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. १८८३ साली स्थापन झालेली ही संस्था. तिथल्या मिलार्डसाहेबांनी ती रानचिमणी आहे हे सांगितलं आणि कपाटातले खण उघडून पेंढा भरलेले कितीतरी पक्षी त्या पोराला दाखवले. त्या खणांनी त्यांचं आयुष्यच बदललं. पुढे १९४१ साली त्यांनी भारतातल्या पक्ष्यांवर जे पुस्तक लिहिलं, ते आजही पक्षी पाहणारे पिशवीत घेऊन फिरतात. बेचकीवाला मुलगा हे सगळं ऐकत होता. म्हणाला, "म्हंजे त्यो बी पाखरं मारायचा आणि मग मोठा साहेब झाला?" वर्ग हसला. मी म्हटलं, "मारायचा थांबला आणि बघायला लागला, तेव्हा झाला."

आठवडाभरानं, रात्री, टेकडीला वणवा लागला.

कुणी लावला ते ठाऊक नाही. आमच्याकडे काही माणसांची समजूत आहे, की गवत जाळलं की पुढच्या वर्षी जोमानं येतं. कधी कुणी विडी टाकून जातं. गवत पावसानं येतं हो, राखेनं नव्हे. पहिल्या पावसात राख आणि तिच्याबरोबर वरची चांगली मातीही वाहून ओढ्यात जाते. पण हे सगळं नंतर. सकाळी शाळेत आलो तर टेकडी काळी आणि अजून कुठे कुठे धूर. प्रार्थना झाली आणि तो मुलगा रांगेतून निघून सरळ वर चालायला लागला. मी हाक मारली नाही, मागे गेले. बाकीचेही आले.

तिसरी जाळी म्हणजे नुसती काटक्यांची काळी मुठी उरली होती. तिच्या पुढ्यात दोन अंडी. होती तशीच होती, जागची हललेली नव्हती, फक्त तडकलेली आणि राखेच्या रंगाची. मादी नव्हती. ती उडून गेली असणार, असं मी मुलांना सांगितलं आणि मलाही तसंच वाटतं. पक्ष्याला पंख असतात, अंड्यांना नसतात. टिटवी, तित्तर, लावा, चंडोल, ही सगळी जमिनीवर घर करणारी मंडळी. वणव्याचे आणि त्यांच्या अंड्यांचे दिवस एकमेकांत अडकलेले आहेत. त्यामुळे रात्रीतून डोंगरावर जी लाल माळ आपल्याला लांबून छान दिसते, तिच्याखाली काय असतं ते आमच्या चौथीच्या वर्गाला त्या दिवशी कळलं. कुणी काही बोललं नाही. एका मुलीनं वर्गात येऊन पक्ष्यांच्या वहीत तारीख घातली आणि लिहिलं, "रातवा. २ अंडी. जळाली."

ती वही घरोघर फिरली. मी फिरवली नाही, मुलांनीच नेली. पुढच्या वर्षी माघात त्यांच्यापैकी काही जणांचे वडील आणि आजे टेकडीच्या पायवाटेला आले आणि वाटेच्या दोन्ही अंगांचं गवत कापून रुंद पट्टा मोकळा केला. वनखात्याची माणसं याला जाळरेषा म्हणतात. मधे गवतच नसलं की आग पलीकडे उडी मारत नाही. त्या वर्षी टेकडी जळली नाही. तुमच्या भागात वणवा दिसला, तर स्वतः विझवायला धावू नका. मोठ्या माणसांना सांगा आणि त्यांना १९२६ या क्रमांकावर फोन लावायला सांगा, तो महाराष्ट्राच्या वनखात्याचा आहे.

वही आणि नावं

त्या वहीबद्दल सांगायचंच राहिलं. दुर्बीण नसली तरी चालेल, वही हवीच. पक्षी दिसला की लगेच पुस्तकात किंवा मोबाइलमध्ये डोकं घालू नका. तो उडून जाईल, पुस्तक कुठे उडणार आहे? आधी बघा. चिमणीएवढा, साळुंकीएवढा की कावळ्याएवढा? चोच सुरीसारखी, चिमट्यासारखी की आकड्यासारखी? शेपटी हलवतो का? जमिनीवर चालतो की उड्या मारतो? कोणत्या झाडावर, कोणत्या वेळी? लिहा. वेडंवाकडं चित्र काढा. नाव मग सापडतं.

आणि नाव सापडलं नाही तर गुराख्याला, ठाकर-कातकरी आजोबांना, रानात जाणाऱ्या आजींना विचारा. मारुती चितमपल्ली यांनी तेच केलं. ते वनखात्यात अधिकारी होते. जंगलात राहणाऱ्या माणसांकडून त्यांनी किती शब्द गोळा केले त्याला गणती नाही. कावळ्यांची वस्ती असते त्या झाडीला "काकागार" म्हणायचं, हा सुरेख शब्द आपल्याला त्यांच्यामुळे मिळाला. त्यांचा जन्म १९३२ सालच्या ५ नोव्हेंबरचा आणि सालिम अलींचा १२ नोव्हेंबरचा, म्हणून महाराष्ट्रात २०२० पासून या दोन तारखांमधला आठवडा पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. २०२५ साली चितमपल्ली गेले.

मोबाइलचं एक सांगते आणि पुढे जाते. हल्ली काही मंडळी पक्ष्याचा आवाज मोबाइलवर वाजवून त्याला जवळ बोलावतात आणि फोटो काढतात. बिचाऱ्याला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला. तो घरटं सोडून भांडायला येतो, शोधत राहतो, दमतो. घरट्याचा फोटो नीट यावा म्हणून आडव्या फांद्या तोडणारेही मी पाहिलेत. फोटो छान येतो, आणि त्याच उघड्या घरट्यावर कावळ्याची नजर पडते. घरटं दिसलं तर दोन मिनिटं लांबून बघा आणि पाठ फिरवा. जागा कुणाला सांगूही नका, अगदी जिवलग मैत्रिणीलासुद्धा नको.

मे महिना अर्धा सरला की रानातले आवाज बदलतात, ते ऐकायला आजोळी गेलात तरी चालेल. "पेर्ते व्हा, पेर्ते व्हा" असं चढत्या सुरात, रात्रीसुद्धा, ओरडणारा तो पावशा. दिसायला थेट शिक्रा, ससाण्याचा भाऊ, पण जातीनं कोकिळेच्या कुळातला. अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतो. शेतकरी त्याची हाक ऐकून बियाण्याची पोती बघायला लागतो. मग कोकणात आणि घाटात नवरंग येतो, हिरवा, निळा, पोटाशी तांबडा, पालापाचोळ्यात टुणटुण उड्या मारणारा, सकाळ-संध्याकाळ दोन सुरांची शीळ घालणारा. आणि पाऊस तोंडावर आला की आफ्रिकेकडून समुद्र ओलांडून चातक. काळा-पांढरा, डोक्यावर टोपीसारखा तुरा. तो दिसला त्या दिवसाची तारीख वहीत लिहा आणि तिच्यापुढे एक ओळ कोरी सोडा. पहिला पाऊस तुमच्या गावात ज्या दिवशी पडेल, ती तारीख तिथे भरायची आहे. दोन तारखांत किती दिवसांचं अंतर पडलं, ते मला पत्रानं कळवा.